कानस खाली ठेवू नकोस

आदिलाबाद,
नागपंचमी

चि. मेघनास,


परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. तळहाताला फोड आलेत, दुपारभर कानस घासूनही जॉब काटकोनात येत नाही, आणि वर तुझा प्रश्न, "मामा, मी इंजिनिअर व्हायला आलेय की फिटर?" तीस वर्षं मी फिटरच घडवले, त्यामुळे तेव्हा घसा दाटला आणि उत्तर राहून गेलं. ते आज लिहितो.

बाळा, तू शिकतेस ते ठिकाण सुरूच झालं हातांच्या कामासाठी. जुलै १८५४ मध्ये पुण्यात ते उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. मुंबई विद्यापीठसुद्धा त्यानंतरचं, १८५७ चं. रस्ते, कालवे, पूल बांधायचे तर जागेवर उभं राहून काम करवून घेणारी माणसं सरकारला हवी होती. गोऱ्या साहेबांच्या हाताखालची दुय्यम माणसं, हेही खरं. उपकार म्हणून काढलेली शाळा नव्हती ती. पण कागदावरची रेघ प्रत्यक्षात उतरवून बघायची, ही सवय त्या जागेला तेव्हापासून लागली. पुढे पदव्या आल्या, १९११ ला 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव आलं, आणि २०२२ मध्ये ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. एका वर्गाचं विद्यापीठ व्हायला १६८ वर्षं लागली, आणि तुझा धीर दोन आठवड्यांत सुटला!

विश्वेश्वरय्या तिथलेच, १८८३ साली पहिले आलेले. एखाद्या रविवारी खडकवासल्याच्या धरणावर जा. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ मध्ये तिथे बसले. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजामाने त्यांनाच बोलावलं, आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर जलाशय उभा राहिला. आपलं आदिलाबादही तेव्हा निजामाच्याच राज्यात. म्हणजे तुझ्या कॉलेजचं आणि आपल्या मुलखाचं नातं तुझ्या प्रवेशापासूनचं नाही, शंभर वर्षांहून जुनं आहे. आणि तुझ्यासारख्याच मुलामुलींनी तिथे घडवलेला किलोभर वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २०१६ मध्ये अवकाशात गेला. त्यांनीही आधी जॉब बिघडवलेच असतील.

तुझा टोरोंटोचा मावसभाऊ शिकतो ते विद्यापीठही याच वळणाचं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देणाऱ्या केंद्राच्या जागी, भर शहरात, १९४८ मध्ये ते सुरू झालं. विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९९३ ला. २०२२ मध्ये त्यांनी आपलं जुनं नाव सोडलं. ज्या एगर्टन रायरसनचं ते नाव होतं, त्याच्या विचारांचा संबंध आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांशी होता. हे ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचं मार्लवाई गाव आठवलं. तिथे १९४३ च्या सुमारास मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ साहेबांनी गोंड शिक्षक तयार करायला घेतले, आणि वाचनाची पुस्तकं काढली ती गोंडीतच, देवनागरी लिपीत. शिकवायचं म्हणून मुलाची भाषा आणि घर हिरावून घेऊ नये, एवढं मला कळतं. तूही पुण्यात कुणी तुझ्या बोलण्यातल्या तेलुगूला हसलं तर मान खाली घालू नकोस.

आता मनातलं सांगतो. तरुणपणी मी इथल्या एका जिनिंगमध्ये दोन हंगाम काढले. आमचे वस्ताद रुईची चिमूट बोटांत धरून सांगायचे, की रोलरच्या चामड्याच्या चकत्या झिजल्या, खाचा पुन्हा पाडा. त्यांचं कधी चुकलं नाही. मीही ते शिकलो. पण झीज किती झाली की रुई किती कमी पडते, हे मला कागदावर मांडता आलं नाही. मालक विचारायचा, मी गप्प राहायचो. वस्ताद गेले आणि त्यांच्या बोटांतलं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. त्याची खंत आजही आहे. तुला हातही मिळतोय आणि गणितही. आमच्या पिढीला यातलं एकच मिळायचं. म्हणून म्हणतो, कानस खाली ठेवू नकोस आणि वहीही मिटू नकोस. रोज वर्कशॉपमधून आलीस की जॉब कुठे आणि का बिघडला, ते चार ओळींत लिही. कानस पुढे जाताना दाब दे, मागे घेताना उचल. पायांत अंतर ठेव. काटकोन येईल.

दिवाळीला येशील तेव्हा आपल्या मार्केट यार्डात कापसाची आवक सुरू झालेली असेल. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, आणि गाडीत ओलाव्याचं मीटर खुपसतात. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की सरकारी खरेदीत घेतच नाहीत. ओलावा वरच्या थरात वेगळा, तळाशी वेगळा, आणि मीटर लागतं एक-दोन जागी. शेतकऱ्याला त्यावर बोलता येत नाही, कारण त्याच्याकडे स्वतःचं मीटर नसतं. गावातल्या माणसाला परवडेल आणि पेलेल असं काही करता येईल का, हे तुझ्या सरांना आत्तापासून विचारून ठेव. मी पहाटे यार्डात जात असतो. तुलाही नेईन, वही घेऊन ये.

फोडांना खोबरेल लाव. आईने भाकरीचं पीठ पाठवलंय.

तुझा
मामा