लोह काढणारी गोळी आणि किडनीची तपासणी

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे वाट नसते. साचलेले लोह हृदय, यकृत आणि ग्रंथी खराब करते. म्हणून डेफेरासिरॉक्सची गोळी रोज द्यावी लागते. घरात तिला ‘लोहाची गोळी’ म्हणतात, पण ती लोह देणारी नव्हे, काढणारी आहे. दवाखान्यात सांगताना हा घोळ होऊ देऊ नका.

या गोळीने लोह मुख्यतः शौचावाटे जाते, तरी त्रास किडनीला होऊ शकतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढते; बहुतेक वेळा डोस कमी केला की ते उतरते. काही मुलांत किडनीच्या बारीक नळ्या बिघडतात. मग मधुमेह नसताना लघवीतून साखर जाते, फॉस्फेट आणि पोटॅशियमही गळते. मूल थकते, हाडे दुखतात. सुरुवातीला मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून तपासणी टाळू नये. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन दोनदा, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला तपासतात. लघवीतील प्रथिनेही दर महिन्याला. रोजी बुडते हे खरे आहे. रक्त चढवायला जाल त्याच दिवशी दोन्ही नमुने द्या, वेगळी खेप पडणार नाही. फेरिटिन १००० च्या खाली आले की डोसबद्दल विचारा. लोह उतरल्यावरही जुनाच डोस चालू राहिला तर धोका वाढतो.

सगळ्यात जपायचे ते जुलाब, उलट्या, तापाच्या दिवसांत. अंगातले पाणी कमी झाले आणि गोळी चालू राहिली, तर किडनीवर एकदम ताण येतो. अशा वेळी गोळी थांबवायची का आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने आणू नका. भीतीपोटी गोळी कायमची बंद करणे तितकेच घातक आहे.

पाण्यात विरघळणारी आणि गिळायची, अशा दोन्ही गोळ्या मिळतात; त्यांचे डोस सारखे नसतात. दुकानदाराने बदलून दिली तर आधी डॉक्टरांना दाखवा.

डेफेरिप्रोन घेणाऱ्याची लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. पण त्या औषधावर ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या.