आधी निस्तारपत्रक, मग ऊन

मोहर्लीजवळ पसरलेलं इरई धरणाचं पाणी चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला जातं. त्या केंद्रात वर्षानुवर्षं ठेकेदारी केलेल्या एका गृहस्थांनी 2024 मध्ये सौरऊर्जेत उतरायचं ठरवलं. मेगावॅटला चारेक एकर लागतात, म्हणून पाच मेगावॅटसाठी भद्रावती तालुक्यात वीस एकर सपाट जागा हेरली. ऊन रग्गड, उपकेंद्र जवळ, मालक राजी. इसार देऊन मोकळे झाले.

“जमीन पायली, कागद नाई पायला,” मोहर्लीच्या टपरीवर ते सांगतात.

सातबारावर भोगवटादार वर्ग-2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन; पट्टा 1996 नंतरचा. बँकेच्या वकिलाने निस्तारपत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) काढलं, तर जुनी नोंद निघाली: झुडपी जंगल. पूर्व विदर्भातली खरी गोम ही. पाहायला गेलं तर चराईचं खुरटं रान. पण सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी अशा जमिनी वनच असल्यावर शिक्कामोर्तब केलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटलेल्या जागांना वाट ठेवली. त्यानंतर वाटप झालं असेल, तर ते का झालं याचा जाब सरकारला आधी द्यावा लागतो. इसार अडकला.

दरम्यान वर्ग-1 ची दुसरी जागा मिळाली होती. 2022 च्या केंद्रीय नियमांनी 100 किलोवॅटच्या ग्राहकालाही खुल्या प्रवेशातून, म्हणजे ग्रिडच्या तारांवरून थेट उत्पादकाकडून, हरित वीज घेण्याची मुभा दिलेली. एका कारखान्याशी बोलणी सुरू झाली. तेवढ्यात वीज नियामक आयोगाचा 28 मार्च 2025 चा दर आदेश आला. 2 एप्रिलला आयोगानेच त्याला स्थगिती दिली, 25 जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. त्यानुसार सकाळी 9 ते संध्याकाळी 5 कारखान्याला ग्रिडचीच वीज सवलतीत मिळणार होती, आणि सौर वीज तयार होते नेमकी तेव्हाच. कारखानदाराने हिशेब नव्याने मांडायला घेतला, बँकेने फाइल थांबवली.

आता कुणी विचारायला आलं, की ते आधी निस्तारपत्रक आणि 1996 पूर्वीचा अभिलेख काढायला लावतात. वन नोंद निघाल्यास रक्कम परत, ही अट इसारपावतीतच हवी. वहन आकार, अधिभार, वेळनिहाय दर बदलले तर फरक कुणी सोसायचा, हे ग्राहकाच्या करारात हवं. बँकेपुढे सवलती वगळलेला हिशेबही ठेवायचा.

नुसती जमीन असलेल्या शेतकऱ्याला ते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुचवतात: हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार भाडं, दरवर्षी 3 टक्के वाढ, बाकी झंझट विकासकाची. स्वतः ते सध्या अशाच एका प्रकल्पाच्या तारजोडणीचं काम करतात. जमीन दुसऱ्याची.