वाळूच्या कणांआड नांदणारे कृमी

नाशिकला समुद्र नाही. परंतु ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आपली गोदावरी अखेरीस बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच उपसागराच्या काठी, वाल्टेरच्या पुळणीतील सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास पी. एन. गणपती व जी. चंद्रशेखर राव यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. निर्जीव वाटणारी वाळू जीवांनी गजबजलेली असते, हे अशा अभ्यासांतून उमगते.

वाळूचे कण कितीही दाटीने बसले, तरी त्यांच्यामध्ये पोकळी राहते आणि तीत पाण्याचा अंश टिकतो. तेथे सूत्रकृमी, चपटे कृमी, वलयांकित कृमी असे नाना कुळांचे जीव राहतात. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. कोणी जिवाणू खातात, कोणी सूक्ष्म शैवाल, तर कोणी एकमेकांना. ‘पॅराकॅटेन्युला’ या चपट्या कृमीला तर तोंडच नसते. शरीरात वसणाऱ्या जिवाणूंवर त्याचे पोषण होते.

कुळे भिन्न असूनही यांतील अनेकांची ठेवण सारखी आढळते : सडपातळ देह, सरपटण्यास उपयोगी सूक्ष्म रोम आणि लाटेच्या हिसक्यात कणाला धरून ठेवणाऱ्या चिकट ग्रंथी. एकाच प्रकारच्या परिस्थितीने निरनिराळ्या वंशांना एकाच वळणावर आणले.

येथेच विज्ञानाची एक मोठी चूक झाली. वलयांकित कृमींपैकी काही वाळूवासी कृमींची रचना फार साधी दिसते. म्हणून १८७८ साली हॅट्शेक यांनी त्यांचा ‘आद्य वलयी’ असा गट कल्पिला. साधे ते प्राचीन, असा समज रूढ झाला. १९६९ साली हर्मन्स यांनी त्याला सबळ आक्षेप घेतला : हा साधेपणा प्राचीनत्वाचा पुरावा मानण्याऐवजी वाळूतील जीवनाशी जुळवून घेण्याचा परिणाम मानावा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तेथवर पोहोचण्याच्या दोन वाटा दाखविल्या. काही वंश पिढ्यान् पिढ्या हळूहळू लहान होत गेले. काहींत शरीर बाल्यावस्थेत असतानाच प्रजननक्षमता आली. म्हणजे ज्यांना आपण आरंभीच्या पायरीवर बसविले होते, तेही दीर्घ उत्क्रांतीचा प्रवास करून आलेले होते.

परंपरेने आले किंवा विद्वानांनी सांगितले, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, ही कालामसुत्ताची शिकवण आपण वसतिगृहात असताना ऐकली. नव्वद वर्षे मान्य असलेले मत तपासून पाहण्याचे धैर्य, हे तिचेच प्रयोगशाळेतील रूप होय. वरवरच्या रूपावरून कोणालाही खालची पायरी देण्यापूर्वी त्याचा इतिहास तपासावा, हा धडा कृमींपुरता मर्यादित नाही.

पालकांनी मुलांना कोकणात नेल्यास एक प्रयोग अवश्य करावा. ओहोटीच्या वेळी मूठभर ओली वाळू समुद्राच्याच पाण्यात ढवळावी. वरचे पाणी लगेच तलम कापडातून गाळावे आणि कापडावरील गाळ थोड्या समुद्राच्या पाण्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पाहून झाल्यावर ते जीव पुन्हा ओल्या वाळूत सोडावेत. मैत्रीभावनेत डोळ्यांना न दिसणारे प्राणीही येतात.