गाडीचा चातुर्मास

विलायतेत आणि अमेरिकेत ज्यांच्या घरी जुन्या, जतन करण्याजोग्या मोटारी आहेत ते लोक हिवाळा तोंडावर आला की त्या गाड्या झाकून ठेवतात, आणि त्याचे कारण केवळ थंडी हे नसून, बर्फ वितळावे म्हणून तिकडे रस्त्यांवर जे मीठ पसरतात ते गाडीच्या पोटाखालचा पत्रा खाऊन टाकते, हे आहे. आपल्याकडे हिवाळा हाच अशा गाड्या बाहेर काढण्याचा ऋतू. त्यांना जपण्याचा काळ म्हणजे मृगापासून हस्तापर्यंतचा पावसाळा, आणि तेवढी मुदत गाडीने चातुर्मासासारखी एका जागी बसून काढावी, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. परदेशातली माणसे ज्या मिठापासून आपली गाडी दूर नेतात, त्याच जातीच्या क्षारांत माझी गाडी गेला संपूर्ण पावसाळा उभी करून ठेवण्यात आली, आणि ज्या इसमाने ती तशी ठेवली त्याने वर मलाच शहाणपण सांगितले. त्या प्रकाराची ही कैफियत आहे. ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी आहे त्यांना तिचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

गाडी फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली, आणि अर्धशतकापूर्वी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यानंतर वडिलांच्या हाती आलेली. तिचा पत्रा जाड आहे आणि मूळचा आहे. ‘मूळचा’ या शब्दावर मी का जोर देतो ते पुढे येईलच.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर असल्याने श्रावणात राजूर घाटाच्या तोंडाशी धुके असे दाटते की भरदुपारी गाड्यांना दिवे लावावे लागतात, आणि त्या दिवसांत घरातल्या कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. म्हणून घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, पक्क्या सिमेंटच्या तळाचे आणि न गळणाऱ्या टिनांचे एक गोदाम मी भाड्याने पाहिले. मालक ओळखीतला, बोलण्यात गोड. जागा कोरडी होती, हे मी आजही मान्य करतो.

गाडी तिथे नेण्यापूर्वी जे करायचे ते मी स्वतःच्या हाताने केले, आणि ते सविस्तर सांगतो, कारण त्यातले एकही काम फुकट गेले नाही. इंजिनाचे तेल पावसाळा संपल्यावर बदलू, असे पुष्कळ मिस्त्री सांगतात. ते चूक आहे. वापरलेल्या तेलात जळणातून उतरलेले आम्ल असते, आणि ते चार महिने बेअरिंगांना चिकटून राहू देण्यापेक्षा तेल आधी बदलून, गाडी दहा-पंधरा मैल फिरवून, नवे तेल सर्वत्र पोचल्यावरच तिला विश्रांती द्यावी. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी म्हणजे मोकळ्या जागेत दमट हवा राहणार नाही, हा जुन्या पिढीचा सल्ला शुद्ध पेट्रोलच्या काळात योग्य होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले पाणी शोषून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर वाढले की इथेनॉल व पाणी एकत्रच पेट्रोलातून फुटून टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून मी टाकी रिकामी करतो, आतून तेलाचा हात फिरेल अशी तजवीज करतो, आणि पंपाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल वाळून त्याचा डिंक होत नाही. त्यानंतर चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचे, टॉप गिअरमध्ये गाडी हाताने थोडी ढकलून ते तेल आत फिरू द्यायचे, आणि प्लग पुन्हा बसवायचे. बॅटरी काढून घरी आणायची व महिन्यातून एकदा चार्ज करायची. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर क्लीनरच्या नळीत चिंधीचे बोळे घालायचे, म्हणजे उंदीर शिरत नाहीत. मात्र बोळे कुठे कुठे आहेत त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवायची. एक्सल लाकडी ठोकळ्यांवर घेऊन टायरांवरचा भार काढायचा, आणि हॅन्डब्रेक सोडून ठेवायचा, कारण ओढून ठेवलेल्या ब्रेकचे शू पावसाळ्यात ड्रमला असे चिकटतात की हातोड्याशिवाय सुटत नाहीत.

हे सर्व करून, गाडीवर सुती कापडाचे आच्छादन घालून, तिचे तोंड दाराकडे ठेवून, मी मालकाच्या हाती सूचनांचा कागद दिला. गाडी हलवू नये, प्लास्टिकची ताडपत्री घालू नये, इंजिन सुरू करू नये, शेजारी कोणताही माल ठेवू नये. त्याने तो माझ्यादेखत भिंतीवर चिकटवला. भाड्याची संपूर्ण रक्कम मी आगाऊ दिली, पावती घेतली, आणि गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढली. पावसाळ्यात मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तेव्हा एकच उत्तर मिळे: “सर, गाडी एकदम मजेत हाय, तुमी काई टेन्शन घेऊ नका.” एकदा मी स्वतः येतो म्हटले, तर नाल्याला पूर आहे, रस्ता बंद आहे, पुढल्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले.

दिवाळीनंतर गाडी आणायला गेलो तेव्हा ती गोदामाबाहेर उन्हात उभी होती आणि धुऊन लखलखीत केलेली होती. न सांगता केलेल्या या सेवेने मला प्रथम बरे वाटले. मग मी डावीकडचे मागचे दार उघडले, दाराखालच्या पत्र्याच्या कडेवरून सवयीने बोट फिरवले, आणि बोटाला पांढरट, किंचित ओला, खरखरीत थर लागला. चुना असेल असे क्षणभर वाटले. परंतु पाणी निथळून जाण्यासाठी तिथे जी भोके असतात ती त्याच थराने बुजली होती, आणि भोवतीचा पत्रा बोटाने दाबताच पापुद्र्यासारखा सुटून आला. मी काही न बोलता गोदामात गेलो. फरशीवर, जिथे माझी गाडी उभी होती तिथपासून हातभर अंतरावर, पोत्यांच्या थप्पीचा चौकोनी ठसा स्पष्ट उमटलेला होता. कोपऱ्यात दोन-चार फाटक्या गोण्या होत्या, त्यांच्यावर १०:२६:२६ असे छापलेले होते. माझा सूचनांचा कागद भिंतीवर तसाच होता, आणि थप्पीच्या उंचीपर्यंत भिंतीचा जो रंग पांढुरका झाला होता त्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये होता. माझे सुती आच्छादन नव्या सोयाबीनच्या पोत्यांखाली अंथरलेले आढळले.

तेव्हा सगळा उलगडा झाला. खरिपाच्या हंगामात एका खत-विक्रेत्याला त्याने तेच गोदाम दुसऱ्यांदा भाड्याने दिले होते, जागा व्हावी म्हणून गाडी ठोकळ्यांवरून उतरवून भिंतीकडे सरकवली होती, हॅन्डब्रेक ओढून ठेवला होता, वरून ताडपत्री टाकली होती. आणि मी येणार असे कळताच बोअरच्या पाण्याने धुऊन पुरावा नाहीसा करण्याचा प्रयत्न केला होता. विचारले तेव्हा तो मुळीच वरमला नाही. “आता सर, गाडी जुनी हाय, मंग जंग त लागनारच नं बाप्पा,” असे म्हणून त्याने चहा मागवला. तो चहा मी घेतला नाही.

त्याच्या या एका वाक्याचे उत्तर गाडीनेच दिले आहे. गंज लागला तो डाव्या बाजूला, ज्या बाजूला थप्पी होती त्या बाजूला: दाराखालची पट्टी, मागचे मडगार्ड, बंपरचे डावे टोक. उजव्या बाजूचा पत्रा मी जूनमध्ये ठेवला तसाच्या तसा आहे, आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी एकाच कारखान्यात बनल्या आहेत. घरून आणलेली बॅटरी जोडून, टाकीत पेट्रोल घालून मी चावी फिरवली तेव्हा इंजिन विनातक्रार सुरू झाले. म्हणजे जे जे माझ्या हातून झाले ते टिकले, आणि जे त्याच्या ताब्यात होते ते सडले. मागची चाके मात्र फिरेनात. ड्रम ठोकून सोडवण्यात संध्याकाळ झाली.

मिश्रखतातले पोटॅश बहुधा पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात असते, आणि परदेशी रस्त्यांवरचे मीठ सोडियम क्लोराइड. लोखंडाच्या दृष्टीने दोघेही एकाच कुळातले. हे क्षार पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतात आणि स्वतःच पाझरू लागतात. गोदामाचे छत एक थेंबही गळले नाही, तरीही गाडीच्या कडेला चार महिने खारे पाणी होते. त्यातून प्लास्टिकची ताडपत्री, जी बाहेरचे पाणी अडवते पण आतला दमटपणाही बाहेर जाऊ देत नाही. आणि शेवटी ते धुणे! पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांच्या पुष्कळ भागांत, भूगर्भातले पाणीच खारे आहे; त्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे जखमेवर अक्षरशः मीठ चोळणे होय. त्या भागातल्या वाचकांनी गाडी ठेवण्यापूर्वी ती नळाच्या गोड्या पाण्यानेच धुवावी, पोटाखाली भरपूर पाणी मारावे, निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत, आणि एक-दोन कडक उन्हे लागल्याखेरीज आच्छादन घालू नये.

जागा पाहताना छत आणि फरशी सगळेच पाहतात. खरिपात तिथे कोणता माल येतो, हे मात्र कोणी विचारत नाही. खत, मीठ, सरकी, ढेप यांपैकी काहीही येणार असेल तर ती जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये; पहिल्या दोहोंमुळे पत्रा जातो, उरलेल्या दोहोंपायी उंदीर येऊन वायरिंग कुरतडतात. उंदरांसाठी विष ठेवू नये, कारण मेलेला उंदीर गादीत सापडला तर वास वर्षभर जात नाही. ‘दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करतो’ असे आश्वासन कोणी दिले तर ते नाकारावे. इंजिन पुरते तापत नाही, जळणातले पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचते, आणि हितापेक्षा अहितच होते. गाडी चालवायची तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी, नाहीतर तिला हात लावू नये. माणूस पारखून घ्यावा, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. रस्ता बंद आहे, असे सांगितले गेले तर एस.टी.च्या आगारात चौकशी करावी आणि त्याच दिवशी जावे.

कागदपत्रांबद्दल थोडेसे. विमा कंपन्या गंज आणि झीज यांचे नुकसान देत नाहीत, तेव्हा तिकडून आशा ठेवू नये. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार, ज्याच्या ताब्यात आपण वस्तू सोपवतो त्याने तिची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घेतलीच पाहिजे, आणि भाडे घेऊन सेवा देणाऱ्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या मुदतीत दाद मागता येते. पावतीवर नुसते ‘गोदाम भाडे’ असे लिहून घेऊ नये. गाडीचा नंबर, तिची स्थिती आणि शेजारी माल न ठेवण्याची अट हे तिन्ही लिहवून सही घ्यावी. माझी छायाचित्रे तारखांसह आहेत, आणि आता त्यांचाच आधार आहे.

पत्र्याच्या मूळपणाचे दुःख अधिक आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते, परंतु चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. माझ्या गाडीने ते वय नुकतेच गाठले. दाराखालची एक पट्टी आणि एक मडगार्ड यांची डागडुजी त्या अटीच्या आड येऊ नये म्हणून डेंटरला मी सांगितले आहे की सडला तेवढाच पत्रा कापावा, जोड मूळ रेषेवर द्यावा, आणि काढलेला प्रत्येक तुकडा माझ्या हवाली करावा. ते तुकडे पोत्यात बांधून, वर तारीख घालून, पुराव्यासाठी ठेवले आहेत.

गोदामाच्या मालकाला मी रजिस्टर पत्र पाठवले. त्याने ते स्वीकारले, उत्तर दिले नाही, आणि दुरुस्तीच्या खर्चापैकी एक रुपयाही अद्याप दिलेला नाही.