शेजारचा निंब, आपली भिंत

प्रश्न : नांदुऱ्यात शेजारच्या अंगणातला जुना, मोठा निंब तोडणे सुरू आहे. झाड त्यांचे, जागाही त्यांची. मला बोलण्याचा अधिकार आहे का?

उत्तर : आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत स्वतःच्या जागेतले झाडही 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने तर 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. म्हणून आधी नगरपरिषदेत परवानगीची चौकशी करा. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती माती. पूर्णा खोऱ्यातली काळी माती ओलीने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मोठे झाड खोलवरची ओल वर्षानुवर्षे ओढत असते. ते एकाएकी गेले की पुढच्या पावसाळ्यांत तीच माती फुगत जाते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे जाऊ शकतात. ही फुगवट कुंपणापाशी थांबत नाही, त्यामुळे प्रश्न तुमच्याही घराचा आहे.

झाड ओल ओढते तेव्हाही पाया खचतो, असे शेजारी म्हणतील. ते खरेच आहे. मात्र त्यावर पहिला उपाय बेताची छाटणी. बुंधा कुजला असेल किंवा झाड दिवसेंदिवस कलत असेल, तर ते काढलेलेच बरे. तिथे मी झाडाची बाजू घेणार नाही. काही झाले तरी तुमच्या भिंतींचे तारीखवार फोटो आजच काढून ठेवा.