बालवयातील भावनांचे वळण

इयत्ता पहिलीत दाखल होणारे मूल पाटीपेन्सिलीबरोबर आपला राग, भीती, हेवा आणि रुसवाही वर्गात घेऊन येते. अक्षरओळखीसाठी आपण वेळापत्रकात तासिका राखून ठेवतो. या दुसऱ्या सामानाची दखल मात्र बहुधा मारामारी झाल्यावरच घेतली जाते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. ‘छडी गेली आणि शिस्तही गेली’ अशी तक्रार शाळाभेटीत अजूनही कानी पडते. छडीच्या धाकाने वर्ग गप्प बसे हे खरे. पण शिक्षकांची पाठ वळताच तोच वर्ग डोक्यावर घेतला जाई, हेही तितकेच खरे. बाहेरचा धाक काढला की त्याच्या जागी आतला आवर उभा करावा लागतो. मन आवरण्याची ही शक्ती बालवाडीच्या व पहिली-दुसरीच्या वयात झपाट्याने वाढत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हे वय एकच पायाभूत टप्पा मानले आहे, ते या दृष्टीने योग्यच होय.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, इप्सिलांटी या गावी, १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकी ५८ मुलांना बालवाडीचे शिक्षण मिळाले, उरलेल्यांना मिळाले नाही. बालवाडीतील मुलांची बुद्धिमापन चाचणीतील आघाडी काही वर्षांतच ओसरली. तरीही चाळिशीत पाहणी केली तेव्हा त्यांच्यात नोकरीत असणारे अधिक व अटक झालेले कमी आढळले. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी याचे श्रेय बऱ्याच अंशी वर्तनाला लागलेल्या वळणास दिले आहे. केवळ गुणपत्रकावरून बालशिक्षणाचे मोल ठरवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

यासाठी निराळे साहित्य मागवण्याची गरज नाही. आपला खो-खोच पाहा. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. पळणारा अगदी हाताशी आला तरी बसलेल्या गड्याने ‘खो’ मिळाल्यावाचून उठायचे नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे फार जड जाते. अंग पुढे झेपावते, आणि तरी ते बसून राहते. याहून चांगला संयमाचा पाठ कोणत्या पुस्तकात सापडेल? पुढे ‘खो’ देताना हातची संधी दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागते, तेही काही लहान शिक्षण नव्हे. पहिलीसाठी नियम सैल ठेवावेत, मैदान आखूड असावे. परंतु नेहमी चपळ मुलांनाच खेळवून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवू नये.

भांडण मिटवताना ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न प्रथम विचारला की दोन्हीकडून खोटे ऐकू येते. त्याऐवजी प्रत्येकाने काय घडले ते आपल्या घरच्या बोलीत, मग ती अहिराणी असो वा वारली, सांगावे आणि दुसऱ्याने ऐकलेले पुन्हा सांगावे. रागावलेल्या मुलाला ‘तुला राग आला आहे’ एवढे शब्द पुरवले तरी हात खाली येतो, असे पुष्कळदा दिसते. गप्प मुलाकडे अधिक लक्ष हवे. ते त्रास देत नाही, म्हणून ते सुखी आहे असे आपण समजतो. आणि एक दिवस त्याचे शाळेत येणेच थांबते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास ती आईबापांबरोबर जातात आणि हंगाम आटोपल्यावर परततात. तोवर वर्गातील जोड्या ठरून गेलेल्या असतात. अशा मुलाला परतल्या दिवशी मागील इयत्तेचे पाढे विचारू नयेत. त्याच्या वाडीवरील एक सोबती शेजारी बसवावा, पाणी वाटण्याचे काम दोघांकडे द्यावे, आणि फडावर त्याने काय काय पाहिले ते वर्गाने ऐकावे.