कॅश जुळल्यावर फोन कर

काल रात्री साडेनऊला फोन केलास तेव्हा तू पाथर्डीच्या स्टँडवर होतीस, आवाज पार बसलेला. "ताई, मलाच झेपत नाही गं." ते 'मलाच' रात्रभर माझ्या डोक्यात राहिलं.

अगं, आपल्या नगर जिल्ह्यातला मार्च मी बँकेच्या काउंटरच्या आतून पाहिलाय. पीककर्जाचं नवं-जुनं करायला रांग लागते. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, म्हणून माणूस उसनवारी करून पैसे आणतो, भरतो आणि पुन्हा हातात पडेपर्यंत खिडकी सोडत नाही. त्याची घाई खरी असते. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार आले तेव्हाही तेच. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं, आणि बाई आपल्यासमोर पासबुक धरून रडतेय. रांग तिप्पट झाली तरी आत माणसं तेवढीच, वर विम्याचं आणि अटल पेन्शनचं टार्गेट. हे एकटीने जुळवायचं गणितच नाही.

तुला कधी सांगितलं नव्हतं. एका मार्चमध्ये मी डबा न उघडता दिवसभर कॅशला बसले होते. वरून सारखं "आटपा, आटपा". पाचशेच्या नोटा दुसऱ्यांदा मोजल्या नाहीत. संध्याकाळी साडेसात हजार कमी. पगारातून भरले आणि घरी बोलले नाही. पुढे दोन महिने झोप उडाली, हात थरथरायचा, साध्या नोंदीही चुकायच्या, मग त्या शोधण्यात रात्र. माणूस दमवून काम वाढतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा संध्याकाळी टॅली न लागलेल्या कॅशियरशेजारी बसावं.

म्हणून ऐक. डबा वेळेवर खायचा, रांग कितीही असो. साहेबांनी "तेवढं पास करून टाक" म्हटलं तरी व्हाउचर वाचल्याशिवाय सही नाही, आणि पासवर्ड तर कुणालाच नाही. कुणी कितीही जवळचं असो, चौकशी तुझ्याच नावाने लागते.

आणि रजा माग. रिझर्व्ह बँकेने 2021 साली व्यापारी बँकांना सांगितलंय, संवेदनशील कामावरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग निदान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवायचं. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा आहे, विश्रांतीचा नाही. पण दहा दिवस एक माणूस नसलं तरी शाखा चालते, हे त्यातच आलं ना? मग तुझ्या चार दिवसांनी काय अडणार आहे?

रात्री फारच घाबरं झालं तर 14416 लाव. टेली-मानस आहे, सरकारी, फुकट. मराठीत बोलतात. मी आहेच, पण मला झोप लागली असेल म्हणून तू थांबतेस, मला माहीत आहे.

या आठवड्यात दुसरा शनिवार आहे. सुट्टी असूनही बँकेच्या मेळाव्याला बोलावलं तर बहिणीकडे जायचंय म्हणून सांग. सकाळच्या एसटीने ये, माळीवाड्याला उतर, मी घ्यायला येते.